गृहोपयोगी शास्त्र : खरकट्याचे खत आणि वनस्पतींचे अर्क

पनवेलहून एका भगिनीचे पत्र ह्या सदराकडे आले आहे. त्यांच्या घरी लहानमोठी मिळून चौदा माणसे आहेत. जुन्या घराच्या परसात दोन वर्षांपासून बायोगॅसची लहानशी टाकी बसविलेली असून स्वयंपाकघरातून रोज निघणारा सुमारे दोन किलो ओला कचरा तीत जातो. सकाळचा चहा व दूध तापविणे तेवढ्या गॅसवर होते. टाकीच्या दुसऱ्या तोंडाने जे काळसर पाणी बाहेर पडते, ज्यास आता सर्वत्र स्लरी म्हणतात, ते केळी, अळू व जास्वंदीस घालण्याची त्यांची वहिवाट आहे. अलीकडे एका विक्रेत्याने त्यांस वनस्पतींच्या अर्काची बाटली दाखविली व सांगितले, की हा अर्क स्लरीत मिसळला म्हणजे तिच्यातील पोषकद्रव्ये दुप्पट होतात. सासूबाईंचे म्हणणे असे, की झाडपाल्याचा अर्क आहे, अपाय तर करणार नाही ना, मग घेऊन पाहावा. भाऊजींचे म्हणणे, की ही सरळ सरळ फसवणूक आहे. ह्यात खरे काय समजावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर एका बाटलीचा दिसतो. परंतु त्याचा विस्तार मोठा आहे. आपल्या घरात रोज जे धान्य, डाळी व भाजी येते, त्यांबरोबर कोणत्या तरी शेतातील जमिनीचा कसही घरात येतो. तो पुढे कोठे जातो? पूर्वी ह्याचा विचार करण्याचे कारण पडत नसे. घरामागे परसू, परसात उकिरडा व गावाबाहेर भाताची खाचरे, असा तो फेरा होता. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील जुन्यात जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवे पनवेल वसले, खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि फेरा मध्येच तुटला. आता स्वयंपाकघरातील कस कचऱ्याच्या गाडीतून जातो, वाऱ्यावर उडतो, नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यांत व खाडीत उतरतो. ज्या घराने टाकी बसविली त्याने तो तुटलेला फेरा जोडण्याचा निदान प्रारंभ केला आहे. तेव्हा अर्काविषयी निर्णय देण्यापूर्वी टाकीत नेमके काय घडते ते पाहणे युक्त होईल.

कुजणाऱ्या पदार्थांपासून जळणारा वायू मिळतो, ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाही. १८९७ साली मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून असा वायू काढून दिव्यांसाठी वापरण्याची व्यवस्था झाली होती. पुढे खेड्यांतून शेणाच्या गोबरगॅसचा प्रसार झाला. शहरातील कुटुंबास मात्र शेण कोठून मिळणार? ही अडचण पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी दूर केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे नातू, व इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव. खरकटे अन्न, पीठ, पिकलेली फळे, बिया अशा पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांवर लहान टाकी चालते, आणि शेणापेक्षा कितीतरी थोड्या मालात व थोड्या वेळात गॅस मिळतो, हे त्यांच्या 'आरती' ह्या संस्थेने दाखवून दिले. त्यासाठी २००६ साली संस्थेस लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी मोठ्या स्वयंपाकघरांसाठी व नगरपालिकांसाठी 'निसर्गऋण' ह्या नावाची पद्धती सिद्ध केली. ऋण फेडण्याची कल्पना त्या नावातच आलेली आहे.

आता टाकीच्या पोटातील व्यवहार. वायुरहित जागेत सूक्ष्म जंतू अन्नाचे तुकडे करतात. प्रथम त्यांची आम्ले होतात, व त्या आम्लांपासून शेवटी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. ह्या दोन वायूंत कोणकोणती मूलद्रव्ये आहेत? कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन. ह्यांखेरीज एकही नाही. वनस्पतीस खत म्हणून जे हवे असते ते नत्र, स्फुरद व पालाश, आणि त्यांबरोबर चुना, लोह, जस्त इत्यादी, ते जवळजवळ सगळे स्लरीतच राहते. अर्थात शेगडीस सरपण मिळते आणि जमिनीचा वाटा शाबूत राहतो. हीच ह्या युक्तीची खरी शोभा होय.

त्या वाट्याचे मोजमाप घरच्या घरी करता येते. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साडेतीन ग्रॅम नत्र. भाज्यांची देठे, साली, उरलेला भात, वरणाची खरवड असा मिश्र ओला कचरा घेतला, तर त्यात पाण्याचाच भाग पाऊण हिश्श्याहून अधिक असतो, आणि किलोमागे नत्र साधारण पाच ग्रॅम निघते. रोज दोन किलो म्हणजे दहा ग्रॅम. महिन्यास तीनशे ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्या मापाने हे साडेसहाशे ग्रॅम युरियाच्या बरोबरीचे झाले. आकडा लहान दिसतो खरा, पण भाजीच्या एका पिकास चौरस मीटरमागे सुमारे दहा ग्रॅम नत्र पुरते. येणेप्रमाणे चौदा माणसांच्या एका घराच्या महिनाभराच्या खरकट्यावर तीस चौरस मीटरांचा वाफा एक पीकभर पोसला जातो.

हा हिशेब लिहून ठेवण्याचे कारण असे, की विक्रेत्याच्या बोलण्याची पारख त्यावरूनच होते. टाकीत तीनशे ग्रॅम नत्र गेले, तर बाहेर तीनशेच्या वर येणे शक्य नाही. नत्र हे मूलद्रव्य आहे. बाटलीतील दोन चमचे अर्काने ते सहाशे ग्रॅम व्हावयाचे, तर उरलेले तीनशे ग्रॅम त्या दोन चमच्यांतच असावयास हवे. तेव्हा "दुप्पट" हा शब्द त्या अर्थाने खोटा आहे, हे निःशंक सांगता येते. तथापि एवढ्यावरून सर्वच अर्क निरुपयोगी ठरविणे हेही शास्त्रास धरून होणार नाही. अर्कांचे तीन निरनिराळे प्रकार आहेत, व प्रत्येकाचे काम वेगळे आहे: काही भर घालणारे, काही राखण करणारे, आणि काही केवळ चेतविणारे.

अर्क काढण्याची कला पनवेलकरांस कोणी शिकवावी असे नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली ह्याच गावी धूतपापेश्वरचा औषधी कारखाना काढला, आणि काढे, आसवे व अरिष्टे यांच्यामुळे पनवेलचे नाव घरोघर झाले. आयुर्वेदाने वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. ताजा पाला पिळून निघतो तो स्वरस. वाटून गोळा करावा तो कल्क. उकळून आटवावा तो क्वाथ. थंड पाण्यात रात्रभर भिजवावा तो हिम. उकळत्या पाण्यात टाकून लगेच गाळावा तो फांट. शेतीचे अर्क ह्यांहून निराळे नाहीत. शेवग्याच्या पाल्याचा काढतात तो स्वरस होय, आणि निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून काढलेला अर्क हा एक प्रकारचा हिमच. ज्या घरात काढा होतो त्या घरास बाटलीची गरज फारशी पडू नये.

पहिला प्रकार भर घालणाऱ्यांचा. ह्यांत वनस्पतीच्या अंगचे पोषकद्रव्यच पाण्यात उतरते, म्हणून ह्यांची वाढ खरी असते. मात्र जेवढा पाला तेवढीच ती. कोकणात बांधोबांध लाविलेल्या गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात, वाळलेल्या वजनावर, तीन ते चार टक्के नत्र असते; तो चिरून आठवडाभर पाण्यात कुजविला तर ते पाणी स्लरीस उत्तम जोड होते. केळीच्या बुंध्याचा रस पालाशाने युक्त असतो. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने ह्याच रसापासून 'नोव्हेल' नावाचे द्रवखत तयार केले आहे. आपल्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली, की चौरंगास बांधलेले केळीचे चार खांब दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेस पडलेले दिसतात. ते बारीक चिरून बादलीत भिजत घातले, तर केळीचे पालाश केळीसच परत मिळेल, आणि निर्माल्याची अप्रतिष्ठाही टळेल.

आपल्या जुन्या ग्रंथांतही ह्या प्रकाराचा दाखला आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' ह्या संस्कृत ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. यशवंत नेने यांनी ती मिळविली, आणि नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादच्या संस्थेने छापले. त्यात कुणपजल नावाचे एक द्रवखत सांगितले आहे. त्याचे मूळ घटक मांस व मज्जा असल्यामुळे आमच्या पुष्कळशा वाचकांच्या घरी ते होणे नाही. परंतु त्याच कृतीत तिळाची पेंड व उडीदही आहेत. म्हणजे कुजविण्यासाठी प्रथिनयुक्त पदार्थ निवडावा हे मर्म त्या काळीही लक्षात आलेले होते. प्रथिने घातली म्हणून नत्र मिळाले. द्रव्यावाचून गुण उत्पन्न झाला, असे तेथेही कोणी म्हटलेले नाही.

दुसरा प्रकार राखण करणाऱ्यांचा, आणि आमच्या मते गृहस्थाश्रमी माणसाने सर्वांत अधिक लक्ष ह्याकडेच द्यावे. मिळकत वाढविणे हाती नसले, तरी गळती थांबविणे हाती असते. स्लरीतील निम्म्याहून अधिक नत्र अमोनियमच्या रूपात विरघळलेले असते. हे रूप झाडास झटकन उपयोगी पडते, पण तितकेच चंचलही असते. द्रवाची आम्लता वा अल्कता ज्या अंकाने मोजतात, त्यास सामू म्हणतात. सात हा मध्य, खाली आम्ल, वर अल्क. पंचवीस अंश उष्णतामानात सामू ७ असता ह्या नत्रापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग उडून जाणाऱ्या अमोनिया वायूच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्के होतो, आणि ९ झाला की सुमारे छत्तीस टक्के. स्लरी उघड्या बादलीत राहिली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे सामू चढतो, आणि चढला की अमोनिया सुटू लागतो. उडालेल्या भागाची जागा उरलेला घेतो व तोही उडतो. बादलीजवळ जाताच नाकास जो झोंबरा वास येतो, तो आपल्या वाफ्याचे नत्र घर सोडून चालल्याचा वास होय.

ह्यावर आंबट अर्कांचा उपाय सुचविण्यात येतो: लिंबाच्या साली, बिंबले, आमसुलाचे पाणी. तत्त्व बरोबर आहे. आम्लाने सामू उतरतो व अमोनिया जागीच बांधला जातो. व्यवहारात मात्र दोन अडचणी येतात. स्लरीत बायकार्बोनेट पुष्कळ विरघळलेले असल्यामुळे चमचाभर रसाने काहीच होत नाही. रस पेल्याच्या मापाने ओतावा लागतो. शिवाय हे आम्ल जंतूंचे आवडते खाद्य; ते संपविले की सामू पुन्हा पूर्ववत. म्हणून चांगली लिंबे ह्या कामी खर्च करू नयेत. पिळून उरलेल्या साली बरणीत आंबवून ते पाणी त्याच दिवशी वापरावयाच्या स्लरीत घालावे, इतपत ठीक. ह्या साली टाकीत मात्र मुळीच टाकू नयेत. त्यांच्यातील सुगंधी तेल गॅस करणाऱ्या जंतूंस मारक आहे. त्यांचे काम टाकीबाहेरच.

मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशात वाढणाऱ्या युक्का नावाच्या वनस्पतीचा फेसाळ अर्क परदेशात कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यात घालतात, आणि त्यामुळे त्यांच्या घरांतील अमोनियाचा उग्रपणा कमी होतो. हे वाचून आपल्याकडे रिठ्याच्या पाण्याची शिफारस होऊ लागली आहे, कारण फेस दोहोंसही येतो. परंतु फेस सारखा म्हणून गुण सारखा, असे अनुमान शास्त्रात चालत नाही. रिठा शालू धुण्यासाठी ठेवावा. रिठ्याचे पाणी माशांस विषारी असल्यामुळे ते तळ्याच्या वाटेवर सोडणेही बरे नव्हे.

राखण करणाऱ्यांत ज्याची कसोटी खऱ्या अर्थाने लागलेली आहे तो आपल्या अंगणातलाच कडुनिंब. जमिनीत गेल्यावर अमोनियमचे जंतूंकडून नायट्रेट होते. उबदार व ओलसर मातीत ह्या कामास दोन-तीन आठवडे पुरतात. अमोनियमला चिकणमाती धरून ठेवते, पण नायट्रेटला ती धरू शकत नाही. ते पाण्याबरोबर वाहते. पनवेलसारख्या गावी, जेथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तेथे आषाढातील नायट्रेट श्रावणापर्यंत वाफ्यात राहील ही आशाच नको. कडुनिंबाच्या बियांतील कडू द्रव्ये त्या जंतूंचा वेग मंद करतात. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या काळात ह्याचा पाठपुरावा केला, आणि २०१५ साली देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. खाडीकाठच्या करंजाच्या बियांत करंजिन नावाचे द्रव्य असते. त्यासही हाच गुण आहे.

शेतकरी पाच भाग युरियास एक भाग निंबोळी पेंड मिसळतात. त्याच प्रमाणाने आपल्या महिन्याच्या स्लरीस सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पेंड पुरेल. ती स्लरीत कालविण्यापेक्षा वाफ्याच्या मातीत मिसळून वरून स्लरी द्यावी. पेंडीत स्वतःचेही थोडे नत्र असते, तेव्हा येथे राखण व भर दोन्ही साधतात. मात्र पेंड काय किंवा निंबोळी अर्क काय, गॅसच्या टाकीत कधीही घालू नये. जंतूंस मंद करणारे औषध जंतूंच्याच घरात सोडले, तर चूल विझेल.

तिसरा प्रकार चेतविणाऱ्यांचा, आणि बाजारातील बहुतेक बाटल्या ह्याच जातीच्या असतात. वनस्पतींच्या शरीरात वाढीचे नियमन करणारी सूक्ष्म द्रव्ये असतात. त्यांपैकी झिएटिन नावाचे द्रव्य न्यूझीलंडच्या लेथम यांनी १९६३ साली मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून वेगळे केले. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात ह्या वर्गातील द्रव्ये भरपूर असतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात निकोलाउस फॉइडल व त्यांचे सहकारी यांनी शेवग्याच्या पाल्याचा रस पुष्कळ पाण्यात मिसळून पिकांवर फवारला, व उत्पन्नात चांगली वाढ झाल्याचे नमूद केले. पाने अधिक काळ हिरवी राहतात, मुळे जोमाने फुटतात, व त्यामुळे जमिनीत असलेले अन्न झाड अधिक चांगले उचलते. पण लक्षात घ्यावे, की असलेले अन्न उचलते. नसलेले उत्पन्न होत नाही.

वैद्यकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे अर्क दीपन होत, बृंहण नव्हेत. आल्याचा रस व सैंधव जेवणाआधी घेतल्याने भूक लागते. म्हणून पानात वरणभात वाढण्याचे कारण उरत नाही, असे कोणी म्हणणार नाही. उलट भूक प्रदीप्त करून पान रिकामे ठेवले तर प्रकृती बिघडते. कुंडीतील रोपास स्लरीवाचून नुसता शेवग्याचा रस दिला तर असेच होते. चार दिवस तरारून मग ते पिवळे पडते. सरकारनेही हा भेद मान्य केला आहे. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन वनस्पतींचे व समुद्रशेवाळाचे अर्क 'जैव-उत्तेजक' ह्या स्वतंत्र वर्गात घातले गेले. त्यांत पोषकद्रव्य किती आहे ह्याचा विचार न करता ते वनस्पतीच्या क्रियांस चालना देतात, अशी त्यांची व्याख्या आहे. तेव्हा बाटली घेण्यापूर्वी तिच्यावर काय छापले आहे ते चष्मा लावून वाचावे. जैव-उत्तेजक म्हणून विकणारा प्रामाणिक असू शकेल. तेच खत म्हणून विकणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की जिच्यावर ह्या तिन्ही प्रकारच्या अर्कांचा काही इलाज चालत नाही. ती म्हणजे मीठ. लोणच्याचा खार, शिळी आमटी, पापडांचे तुकडे ह्यांतील मीठ गॅस होत नाही, कुजत नाही, उडत नाही. जेवढे टाकीत गेले तेवढे स्लरीत उतरते. पनवेलकरांस मिठाचा धाक निराळा सांगावयास नको. खाडीचे पाणी शिरून खारावलेल्या जमिनींसाठी कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथे आहे, आणि खारटपणा सोसणाऱ्या 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' ह्या भाताच्या जाती तेथूनच निघाल्या. भातास जे सोसण्यासाठी इतका खटाटोप करावा लागला, ते कुंडीतील मोगऱ्याने किंवा तुळशीने सोसावे अशी अपेक्षा कशी करावी? म्हणून लोणच्याचा खार व खारट रस्से टाकीत घालू नयेत, आणि स्लरी पाच ते दहापट पाण्यात मिसळूनच द्यावी. तुळशीवृंदावनात श्रद्धेने रोज तांब्याभर निर्भेळ स्लरी ओतल्यास तुळस जळते. ह्यात खताचा दोष नाही, मापाचा आहे.

आता प्रत्यक्ष आचरण. स्लरी झाकणाच्या भांड्यात धरावी, शक्यतो त्याच दिवशी वापरावी. ऊन कलल्यावर रोपापासून थोड्या अंतरावर चर काढून तीत पातळ केलेली स्लरी घालावी व लगेच माती ओढावी. झाकण, पाणी व माती ह्या तीन फुकटच्या गोष्टींनी जेवढे नत्र वाचते, तेवढे कोणत्याही विकतच्या अर्काने वाचणार नाही. पावसाळ्यात वाफ्यास स्लरी देण्याऐवजी ती वाळलेल्या पालापाचोळ्याच्या किंवा भाताच्या पेंढ्याच्या ढिगावर, छपराखाली, जिरवावी; ते खत दसऱ्यानंतर वाफ्यात घालावे. कोथिंबीर, पुदिना, मुळा, काकडी अशी कच्ची खाण्याची पिके स्लरीपासून दूर ठेवावी, कारण टाकीतील साध्या उष्णतामानात रोगजंतू सर्वच्या सर्व मरत नाहीत. आणि ज्यांच्यापाशी तीस चौरस मीटर जागा नाही, त्यांनी सगळी स्लरी दहा कुंड्यांत जिरविण्याचा हट्ट धरू नये. शेजारची बाग, वसाहतीचे उद्यान, एखादा ओळखीचा शेतकरी ह्यांस ती द्यावी. दिलेले खत वाया जात नाही. अतोनात घातलेले मात्र खाली झिरपून विहिरीत, नाहीतर तळ्यात जाते. वडाळे, विश्राळे ही पनवेलची तळी गावाची शोभा आहेत; नत्र व स्फुरद उतरू लागले, की पाण्यावर शेवाळ व जलपर्णी माजण्यास अवकाश लागत नाही.

राहता राहिली घरातील सासूबाई व भाऊजी यांच्या मतभेदाची गोष्ट. त्याचा निकाल वादाने न लावता मेथीने लावावा. सारख्या आकाराच्या वीस कुंड्या घ्याव्या, एकाच ढिगातील माती भरावी, व प्रत्येकीत मोजून सारखे बी पेरावे. पाच कुंड्यांस नुसते पाणी, पाचांस पातळ केलेली स्लरी, पाचांस स्लरी व अर्क, आणि पाचांस पाणी व अर्क द्यावा. पाण्याचे माप सर्वांस एकच. कुंड्या एकाच उन्हात ठेवून दर दोन दिवसांनी त्यांची जागा बदलावी. तीस दिवसांनी मेथी उपटून, मुळे धुऊन, गटागटाने वजन करावे व वहीत लिहावे. स्लरी व स्लरी-अर्क ह्यांत फरक दिसला, तर अर्कात काही तथ्य आहे. अर्क-पाणी व नुसते पाणी सारखेच निघाले, तर तो अन्न नव्हे, केवळ चेतना आहे, हे सिद्ध होईल. चारही गटांत अर्कामुळे काहीच फरक पडला नाही, तर पैसे वाचले. कोणत्या कुंडीत काय घातले हे वजन करणाऱ्यास ठाऊक नसावे, म्हणजे मनाचा ओढा तराजूत उतरत नाही. हे काम घरातील मुलांकडे सोपवावे. चौदा माणसांच्या घरात दोन मते असणे हे दूषण नव्हे. दोन्ही मते एका तराजूत घालण्याची सवय मुलांस लागली, तर ती बाटलीपेक्षा फार मोलाची ठरेल.

तात्पर्य, पत्रलेखिका भगिनीस आमचे उत्तर असे: ह्या महिन्यात बाटली घेऊ नये. बादलीस झाकण, वाफ्यास निंबोळी पेंड, आणि शेवग्याची फांदी दारात असल्यास तिचा रस आठवड्यातून एकदा, एवढ्याने आरंभ करावा. पुढील मासी मेथीची वजने आमच्याकडे पाठवावी. ती कोणाच्याही बाजूने लागोत, ह्याच सदरात आम्ही ती छापू.